यंत्रांचा जीर्णोद्धार आणि स्वावलंबनाची कसोटी

(वर्सोवा येथे व्यापारी, व्यावसायिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्सोव्याची ओळख सांगताना कोणी कोळीवाड्याचे नाव घेतो, कोणी खाडीपलीकडच्या मढच्या किल्ल्याचे. पोर्तुगीजांनी बांधलेला तो किल्ला १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. साष्टीचा किनारा ज्याच्या हाती, त्याच्या हाती समुद्रमार्ग, हे त्या काळचे साधे गणित होते. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, सत्ता बदलल्या, जहाजे बदलली. पण ते गणित काही बदलले नाही. फरक इतकाच की आज या किनाऱ्याला लागणारी सर्वांत मोलाची वस्तू जहाजातून येत नाही. ती वाळूखालून येते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींचा हा किनारा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबली येत होत्या आणि मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन व तिरुवनंतपुरम या पाच शहरांतील १४ केंद्रांत त्या उतरत होत्या. त्यांची एकत्रित क्षमता सेकंदाला १३८ टेराबिटहून अधिक होती. यांपैकी मुंबईत येणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या जेमतेम सहा किलोमीटरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागतात. बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढ्या जाडीची ही केबल. पण बँकेची उलाढाल, रुग्णालयाचा अहवाल, परदेशी असलेल्या मुलाचा फोन, सारे तिच्यातून धावते.

मात्र केबल हा केवळ रस्ता आहे. रस्त्याने आलेला माल अखेर कोठारात ठेवावा लागतो. ही कोठारे म्हणजे डेटा सेंटर. अंधेरीपासून चांदिवलीपर्यंत, वांद्रे-कुर्ला संकुलापासून ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेलपर्यंत ती पसरली आहेत. केबलीसंबंधी वृत्तपत्रांतून छापून येते, नव्या डेटा सेंटरचे भूमिपूजन गाजते. पण आत असलेली यंत्रे जुनी होतात, त्यांच्या जागी नवी आणावी लागतात, आणि ते करताना आतली माहिती एका कणाचीही हानी न होता हलवावी लागते, याविषयी कोणी बोलत नाही. आजचा विषय तो आहे.

लोखंडालाही वार्धक्य असते

सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा, रात्रंदिवस चालू राहणारा संगणक. स्टोरेज म्हणजे त्याची स्मृती. शेकडो डिस्क एकत्र बसवून तयार केलेले माहितीचे कोठार. दोघेही यंत्रे आहेत आणि यंत्राला झीज आहे. फिरत्या चकतीची साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, वर्षभरात एक क्षणही न थांबता. तिच्या चालकभागाची झीज होतेच. चकती नसलेल्या नव्या पद्धतीच्या एसएसडीमध्ये काहीही फिरत नाही. पण तिच्यावर किती वेळा लिहिता येईल यालाही मर्यादा आहे. पंखे धूळ ओढतात, बॅटऱ्या क्षीण होतात.

यापेक्षा एक सूक्ष्म वार्धक्य आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. यंत्र उत्तम चालत असते, पण ते बनवणारी कंपनी एके दिवशी कळवते की या तारखेनंतर सुटे भाग मिळणार नाहीत आणि संरक्षणासाठी लागणाऱ्या सुधारणा येणार नाहीत. त्या दिवसापासून ते यंत्र तटबंदी ढासळलेल्या गडासारखे होते. आत धान्य आहे, शिबंदी आहे, दरवाजाही आहे. पण भगदाड कोठे पडले आहे हे शत्रूला ठाऊक आहे आणि बुजवणारा गवंडी निघून गेला आहे.

किती वर्षांनी यंत्रे बदलावीत, याला एकच उत्तर नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरांचे हिशेबातील आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेले. उलट अॅमेझॉनने २०२५ मध्ये काही यंत्रांचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तंत्र फार वेगाने बदलू लागले. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्याही या प्रश्नावर हिशेब करून, आकडे मांडून निर्णय घेतात. आपल्याकडे मात्र दोन टोके दिसतात. विक्रेता म्हणतो म्हणून चालते यंत्र फेकून नवे घेणारा एक, आणि बंद पडेपर्यंत हात न लावणारा दुसरा. पहिला पैसा गमावतो. दुसरा कधीकधी सर्वस्व गमावतो.

११ वाजून ४० मिनिटे

दिनांक २४ फेब्रुवारी २०२१. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्यासाठी बाजाराची वेळ पाचपर्यंत वाढवावी लागली. देशातील अग्रगण्य बाजार कामाच्या ऐन दिवशी चार तास स्तब्ध होता.

पुढे शेअर बाजारानेच त्याचा खुलासा केला. बाजाराच्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या रस्त्यावरील खोदकामामुळे व बांधकामामुळे तुटल्या. अशा प्रसंगी दुसरी प्रत कामाला यावी, म्हणूनच माहितीचा साठा दोन ठिकाणी ठेवलेला होता. परंतु वाहिन्या डळमळीत होताच स्टोरेजची यंत्रणा अपेक्षेपेक्षा वेगळी वागली. मूळ साठाच सर्व्हरांना सापडेनासा झाला. जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि जोखीम मोजल्याविना सौदे करू देणे हा अविचार ठरला असता. म्हणून बाजार थांबवण्यात आला.

येथे पैशांची कमतरता नव्हती. यंत्रे उत्तम प्रतीची होती, साठा दुहेरी होता, तज्ज्ञ हाताशी होते. उणीव एकच राहिली. संकटात दुहेरी व्यवस्था प्रत्यक्षात कशी वागेल, याची पुरती परीक्षा झालेली नव्हती. कागदावर असलेली सुरक्षितता आणि कसोटीला उतरलेली सुरक्षितता, यांत तेवढे अंतर होते.

यानंतर जे झाले तेही सांगितले पाहिजे, कारण ते अनुकरणीय आहे. सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. आपत्ती ओढवली तर अर्ध्या तासात ती जाहीर करायची आणि तेथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. एवढ्यावर न थांबता २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी, सुटीच्या दिवशी, बाजार मुद्दाम उघडण्यात आला आणि चालू व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर हलवून दाखवण्यात आले. शाखेत जाणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. रोजचे संचलन ज्याने केले, त्यालाच ऐनवेळी पाऊल कोणते टाकायचे हे विचारावे लागत नाही.

प्रत नसलेले कोठार

दुसरे उदाहरण परदेशचे आहे, पण डोळे उघडणारे आहे. दक्षिण कोरिया हा तंत्रज्ञानात अग्रेसर देश. तेथील सरकारी संगणकांचे एक मुख्य केंद्र देजोन शहरात आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे सर्व्हरांजवळच्या लिथियम बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचे काम चालू होते. बॅटऱ्यांचे दहा वर्षांचे विहित आयुष्य उलटून गेले होते. काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा एका रात्रीत बंद पडल्या. आणि सर्वांत मोठा आघात असा की सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवत होते, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची प्रत अन्यत्र कोठेही नव्हती. साठा फारच मोठा, म्हणून प्रत ठेवलेली नव्हती.

या घटनेतला बोध नीट समजून घ्यावा. तेथील अधिकारी निष्काळजी होते असे म्हणून सुटता येणार नाही. ते जुनी वस्तू हलवण्याचे योग्य कामच करत होते. पण योग्य काम चुकीच्या क्रमाने केले की अनर्थ होतो. आधी प्रत, मग बदल. हा क्रम उलटला. नूतनीकरणाचा दिवस हाच सर्वाधिक धोक्याचा दिवस असतो, कारण त्या दिवशी जुने अर्धे उखडलेले आणि नवे अर्धे बसलेले असते.

घरगुती उपमा द्यायची तर, लग्नघरातले दागिने बँकेतून घरी आणायच्या आणि घरून कार्यालयात न्यायच्या दिवशीच गृहिणीचे चित्त थाऱ्यावर नसते. तिजोरीत ते वर्षभर होते, तेव्हा तिला चिंता नव्हती. संगणकाच्या माहितीचेही तसेच आहे.

पंढरपूरचा वस्तुपाठ

मग हे काम करावे तरी कसे? आपल्या परंपरेला हा प्रश्न अगदी नवा नाही. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे शतकानुशतके आहे. मंदिर जुने होते, दगड सुटतात. पण म्हणून देव रस्त्यावर ठेवून कोणी मंदिर पाडत नाही, आणि मंदिर पडेल म्हणून पूजाही बंद करत नाही.

२०२४ मध्ये पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्याचे जतन-संवर्धनाचे काम झाले. मार्चच्या मध्यापासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवण्यात आले, ठरावीक वेळेत मुखदर्शनाची सोय चालू राहिली आणि जूनच्या प्रारंभी, आषाढी वारीच्या आधी, पदस्पर्शदर्शन पूर्ववत झाले. वारकऱ्यांना काय बंद राहणार, काय चालू राहणार आणि किती दिवस, हे आधी सांगितलेले होते. कामाचा काळ निवडताना वारीचे भान ठेवलेले होते. आणि काम चालू असताना मंदिरात एक तळघर आढळले. त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या.

डेटा सेंटरमधील नूतनीकरणाची सारी सूत्रे या एका प्रसंगात सापडतात.

पहिले सूत्र तळघराचे. हात घालण्यापूर्वी काय काय आहे याची मोजदाद करावी, आणि तरीही अनपेक्षित काही निघेल असे गृहीत धरावे. दहा वर्षे चाललेल्या कार्यालयात असा एखादा सर्व्हर असतोच, की तो कशासाठी आहे हे कोणालाच आठवत नाही. बंद करावा, तर महिनाअखेरीस पगारपत्रक निघत नाही. म्हणून प्रत्येक यंत्र, त्यावरील प्रत्येक काम आणि त्या कामावर अवलंबून असलेला प्रत्येक विभाग यांची लेखी नोंद हवी.

दुसरे सूत्र मोजमापाचे. कोणते यंत्र कितपत राबते आहे, हे महिनाभर मोजल्याविना नवे यंत्र विकत घेऊ नये. अनेकदा दहा सर्व्हरांपैकी सात जण दिवसभर बसून असतात. एकाच समर्थ यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचे तंत्र आता रुळलेले आहे. त्यामुळे यंत्रे कमी होतात, वीज वाचते, आणि विजेतून निर्माण होणारी उष्णता थंड करायला लागणारी दुसरी वीजही वाचते. कधी असेही दिसते की सर्व्हर उत्तम आहे, अडथळा जुन्या डिस्कचा आहे. तेव्हा सर्व्हर न बदलता केवळ स्टोरेज एसएसडीवर नेले तरी काम झपाट्याने होते. वैद्य नाडी पाहिल्याविना औषध देत नाही; येथेही तोच न्याय.

तिसरे सूत्र प्रतीचे. निदान तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे, अशी रचना बहुतेक स्टोरेजमध्ये असते, आणि तिलाच प्रत समजण्याची चूक फार जण करतात. ती रचना डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. आगीपासून, पुरापासून किंवा कर्मचाऱ्याने चुकून पुसलेल्या माहितीपासून वाचवत नाही. आणि प्रत काढली एवढ्याने भागत नाही. तिच्यावरून माहिती परत उभी करून पाहिली, तरच ती प्रत.

दुसऱ्या गावाचा आग्रह का, हे मुंबईकराला २६ जुलै २००५ ने शिकवले आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. निसर्ग एकाच शहरातही असा पंक्तिप्रपंच करतो. त्या पावसात तळमजल्यांवर आणि तळघरांत ठेवलेली विजेची उपकरणे व संगणक पाण्याखाली गेले. उपनगरात कार्यालय असणाऱ्याने सर्व्हर तळमजल्यावर ठेवणे आणि त्याची प्रत शेजारच्या इमारतीत ठेवणे, म्हणजे दोन्ही अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचाच प्रकार.

चौथे सूत्र वारीचे. काम केव्हा करायचे, ते व्यवसायाचे पंचांग पाहून ठरवावे. मार्चअखेर, दिवाळीची खरेदी, विवरणपत्रांची अंतिम तारीख, या काळात यंत्राला हात लावू नये. सेवा कधी आणि किती वेळ बंद राहील, हे ग्राहकाला आधी सांगावे. सांगितलेली गैरसोय लोक सोसतात. न सांगितलेली सोसत नाहीत.

पाचवे सूत्र परतीच्या वाटेचे. नव्या यंत्रावर माहिती गेली, ताळेबंद जुळला, काही दिवस काम नीट चालले, असे झाल्यावरच जुने यंत्र उतरवावे. तोवर ते जोडलेलेच ठेवावे. रात्री दोन वाजता काही बिघडले, तर मागे फिरायचे की पुढे जायचे हे कोण ठरवणार, त्याचे नावही आदल्या दिवशी कागदावर लिहिलेले असावे.

टाकलेल्या यंत्रातील माहिती

आणि सहावे सूत्र, जे सर्वाधिक विसरले जाते. उतरवलेल्या यंत्राचे काय? अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेने २०१६ च्या सुमारास आपली जुनी डेटा सेंटर बंद केली आणि सामान हलवण्याचे काम अशा कंपनीला दिले, की जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. यंत्रे परस्पर विकली गेली. ग्राहकांची माहिती असलेल्या काही डिस्क लिलावात बाहेरच्यांच्या हाती पडल्या. तेथील नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड केला. नव्या यंत्रांवर कोट्यवधी खर्च करणाऱ्याने जुन्यांच्या विल्हेवाटीत थोडकी बचत केली, तिची ही किंमत.

आपल्याकडेही आता कायद्याची चौकट उभी राहिली आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. म्हणून जुनी डिस्क भंगारवाल्याला वजनावर देण्याचे दिवस संपले. आधी माहिती पुसणे किंवा डिस्कचा चुरा करणे, त्याचा दाखला घेणे, आणि मग नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे ती सोपवणे, हा मार्ग आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव आहे, आणि परक्याची ठेव रस्त्यावर टाकणारा आपल्या संस्कृतीत कधीच सज्जन गणला गेला नाही.

स्वदेशी म्हणजे नेमके काय?

आता प्रश्न येतो तो स्वदेशीचा. भारतात संगणक आले तेव्हा आयबीएम ही कंपनी पाश्चात्त्य देशांतून निवृत्त झालेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देत असे. इतरांची जुनी झालेली वस्तू आपल्याला नवी म्हणून मिळत होती. १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडला. तेव्हा ती यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली आणि भारतीय अभियंत्यांनी ती पेलून दाखवली. स्वदेशीचे ते पहिले पाऊल निर्मितीचे नव्हते, देखभालीचे होते. ही गोष्ट विसरता कामा नये.

दुसरे पाऊल पुण्याचे. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान सत्याला धरून असावा. परमच्या आतील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटिश बनावटीच्या होत्या. त्या शेकडो चिपना एकत्र राबवण्याची रचना भारतीय बुद्धीची होती. हीच वाट पुढे चालू राहिली. सी-डॅकने ‘रुद्र’ नावाचा सर्व्हर देशात विकसित केला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन परम रुद्र महासंगणक पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केले. सर्व्हरांसह संगणकनिर्मितीसाठी मे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही मंजूर झाली. आतला प्रोसेसर अजून परदेशी आहे. तो भारतीय होईपर्यंत काम अपुरे आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

माहिती देशात राहिली पाहिजे, हा आग्रहही योग्य आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी आदेश काढून देयकव्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. परंतु माहिती देशात आहे एवढ्याने ती सुरक्षित होत नाही. ती देशातच, पण जुनाट यंत्रावर, प्रत नसलेल्या साठ्यात पडून असेल, तर तिचे स्वामित्व आपल्याकडे आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? कोरियाचा साठाही कोरियातच होता.

१९८० च्या दशकात बँकांतील संगणकीकरणाला कामगार संघटनांनी विरोध केला, त्यांत भारतीय मजदूर संघही होता. यंत्र आले की माणूस कोठे जाणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो विरोध काळाने मागे टाकला असे म्हणून हसणे सोपे आहे. पण तो प्रश्न आजही वेगळ्या रूपात उभा आहे. यंत्रे आली, आता त्यांची निगा राखणारा माणूस कोठे आहे? नव्या सर्व्हरसाठी पैसे मंजूर होतात. त्याची रात्रपाळी करणाऱ्या तरुणाच्या प्रशिक्षणासाठी मंजूर होत नाहीत. वर्षातून एकदा प्रत परत उभी करून पाहण्यासाठी एक रविवार मिळत नाही. मालक विचारतो, चालते आहे ना, मग खर्च कशाला? हे वाक्य जेथे ऐकू येते, तेथे संकटाची तारीख फक्त ठरायची राहिलेली असते.

लहानांचा प्रश्न अधिक मोठा

शेअर बाजार चार तासांत सावरला. मोठ्या बँकेचे डेटा सेंटर नोव्हेंबर २०२० मध्ये वीज गेल्याने विस्कळीत झाले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे काही काळ रोखून धरण्यास सांगितले. सारे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडले. तरी ती बँक उभी राहिली, कारण तिच्याकडे बळ होते. पण उपनगरातील लहान कारखानदार, सनदी लेखापाल, रोगनिदान केंद्र, सहकारी पतसंस्था यांच्याकडे असे बळ कोठून असणार? तेथे जिन्याखालच्या कपाटात एक सर्व्हर असतो, सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला. वीस वर्षांचे हिशेब, शेकडो कुटुंबांच्या ठेवींची नोंद, रुग्णांचे अहवाल, सारे त्या एका खोक्यात. त्याची डिस्क ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी थांबेल तो केवळ संगणक नव्हे. एखाद्या निवृत्त शिक्षकाची ठेव किती, हे सांगणारा कागद उरणार नाही. एखाद्या कारखान्यातील वीस जणांचा पगार थांबेल.

म्हणून येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने आपल्या कार्यालयात, आपल्या संस्थेत, आणि जेथे आपली ठेव आहे तेथील वार्षिक सभेत चार साधे प्रश्न विचारावेत. आपली माहिती ज्या यंत्रावर आहे ते किती वर्षांचे आहे आणि त्याला अद्याप कंपनीचा आधार आहे का? तिची प्रत दुसऱ्या गावी आहे का? ती प्रत शेवटची केव्हा परत उभी करून पाहिली? आणि यापूर्वी काढलेल्या डिस्क कोठे गेल्या? या प्रश्नांसाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. जागरूक नागरिक असणे पुरेसे आहे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेच उत्तर समजावे.

वर्सोव्याच्या कोळी बांधवांकडून हे शिकता येईल. पावसाळ्यात दर्या खवळतो, मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. वरवर पाहणाऱ्याला तो रिकामा काळ वाटतो. पण त्याच काळात इंजिने उघडली जातात, फळ्या तपासल्या जातात, फाटकी जाळी विणली जातात. होडी बुडाल्यावर तिची दुरुस्ती करता येत नाही, हे कोळ्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून तो निःशंक मनाने वल्हे हाती घेतो. त्या श्रद्धेच्या मागे दोन महिन्यांचे श्रम असतात.

आपल्या माहितीच्या होड्याही वेळीच किनाऱ्याला ओढाव्यात, तपासाव्यात, आणि मग दर्यात लोटाव्यात. किल्ला जिंकणे पराक्रमाचे खरे. पण तो राखणे हे रोजचे, अनामिकाचे, कंटाळवाणे काम असते. राष्ट्र उभे राहते ते त्या कामावर.